खोकल्याचे बटण

मी एक जुना हेडसेट आहे. पण मित्रांनो, आज मी माझा मोठेपणा सांगायला बसलेलो नाही. माझ्या पोटात एक गोष्ट कितीतरी दिवस डाचते आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

आधी माझे रूप सांगतो. कानांवर बसणाऱ्या दोन वाट्या, तोंडापुढे येणारी एक बारीक दांडी आणि तिच्या टोकाला माईक. माझ्या वायरीत मध्येच एक छोटी डबी आहे आणि तिच्यावर लाल बटण. सामन्याचे वर्णन करताना समालोचकाला खोकला आला, की त्याने ते बटण दाबून धरायचे. मग त्याचा आवाज प्रेक्षकांना जात नाही; फक्त प्रक्षेपण करणाऱ्या आतल्या मंडळींना ऐकू जातो. म्हणून ते खोकल्याचे बटण. खरे सांगायचे तर खोकण्यासाठी ते दाबणारा माणूस मी क्वचितच पाहिला. लोक ते दाबतात ते दुसऱ्याची उणीदुणी काढायला.

माझा जन्म कारखान्यात झाला. मी आणि माझा जुळा भाऊ एकाच खोक्यातून बाहेर पडलो आणि एका क्रीडावाहिनीकडे गेलो. काय दिवस होते ते! मोठमोठी स्टेडियमे आणि नावाजलेले समालोचक. सामना संपला की मला स्पिरिटने पुसत, फाटायच्या आत नवा स्पंज चढवत. "हा गडी कधी दगा देत नाही," असे माझ्याबद्दल म्हटले जाई. त्या कौतुकाने मी चढून गेलो. पुढे बिनवायरीचे हेडसेट आले आणि आम्हा दोघांची रवानगी गोदामात झाली. तिथे दोन वर्षे धूळ खाल्ल्यावर घोडबंदर रोडवरच्या एका विद्यापीठाने आम्हाला नेले. तिथे मुले क्रीडा-माध्यम आणि प्रक्षेपण हा विषय शिकत.

शिकवायला ब्रायन सर होते. ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला हा माणूस, सारी हयात ध्वनियंत्रांत घालवलेला. पहिल्याच तासाला ते म्हणत, "वायर कोपरावर गुंडाळणारा माझ्याकडे नापास. आतली तार पिळली जाते रे तिची. हातात सैल वेढे घ्यायचे." मुले मान डोलवत आणि सर वळले की कोपरावरच गुंडाळत.

या मुलांत पायल होती. विठ्ठलवाडीची. तिचा आवाज इतका स्वच्छ, की मला माझे जुने दिवस आठवत. तिचे वडील भगवान एका कारखान्यात फिटर. पण सुट्टीच्या दिवशी कबड्डीच्या मैदानावर कर्ण्यातून सामना सांगायचे. पायल लहानाची मोठी झाली ती त्यांच्या टेबलाशेजारीच. पण वर्गात कोणी विचारले, "तुझ्या घरी कोण आहे स्पोर्ट्समध्ये?" तर ती म्हणाली, "कोणी नाही."

एके दिवशी कोणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात भगवान चढाई सांगत होते. शेवटचा शब्द त्यांनी इतका ताणला, की सगळा वर्ग हसून लोळला. पायलने हसणाऱ्या मुलांकडे पाहिले. मग तीही हसली. एवढ्यावर थांबती तर बरे होते. तिने मला डोक्यावर चढवले, लाल बटण दाबले आणि वडिलांची हुबेहूब नक्कल केली. कौतुकाचा पाऊस पडला. पुढे वर्ग कंटाळला, की कोणी ना कोणी म्हणे, "पायल, ते कर्णेवाले काका कर ना!"

आणि मी? मीही मनातल्या मनात हसत असे. मोठ्या स्टेडियमांत राहिलेला ना मी! कर्ण्यावर ओरडणाऱ्या माणसाची मला काय किंमत?

तो शब्द भगवान का ताणत, हे एकट्या पायलला ठाऊक होते. त्यांचे मैदान रुळांना लागून. ऐन चढाईत मालगाडी आली, की कर्ण्याचा आवाज तिच्या खडखडाटात बुडून जाई. मागे बसलेल्या बायाबापड्यांना निकाल कळला पाहिजे, म्हणून गाडी जाईपर्यंत ते शब्द सोडत नसत. पुढे तीच सवय झाली. लोक त्या लांबलेल्या शब्दासाठी मैदानावर येऊ लागले.

शेवटच्या वर्षाची परीक्षा आली. आंतरमहाविद्यालयीन मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना विद्यार्थ्यांनी स्वतः थेट दाखवायचा होता. समालोचन पायलकडे, दिग्दर्शन क्रिस्टलकडे, कॅमेरा प्रशांतकडे. मैदानावर घोषणा करायला ब्रायन सरांनी बाहेरचा माणूस बोलावला. तो माणूस पायलचा बाप आहे, हे सरांना माहीत नव्हते. ते एवढेच म्हणाले, "विठ्ठलवाडीचे भगवानभाऊ. त्यांच्यासारखा माणूस या भागात दुसरा नाही."

सकाळी भगवान इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मैत्रिणींच्या घोळक्यात उभ्या असलेल्या लेकीचा चेहरा त्यांनी पाहिला आणि काय समजायचे ते समजले.

"मॅडम, मी कुठं बसू?" त्यांनी विचारले.

"तिकडं, काका. त्या टेबलापाशी," पायल म्हणाली.

मित्रांनो, 'काका' हा शब्द माझ्या माईकच्या अगदी जवळून गेला. ब्रायन सरांनी भगवानांच्या कानावर माझा जुळा भाऊ चढवला, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी सुरुवात करता येईल. ते आता आतल्या मंडळींपैकी झाले. पायल धावपळीत हे विसरली.

सामना रंगला. कोलशेतच्या ऐश्वर्याची चढाई आली की भगवान सुरू होत. "ऐश्वर्याऽऽ निघालीऽऽ... चवड्यावर उभी आहे बघाऽऽ..." मैदान टाळ्यांनी दणाणून जाई. मध्यंतर झाले. क्रिस्टलचा आवाज माझ्यात आला, "पायल, ओरिजिनल समोर बसलाय यार! एकदा कर ना, प्लीज!"

पायलने बटण दाबले.

"अन् गुण घेऊनऽऽ आलीऽऽऽऽ..." तिने शब्द ताणला, ताणला आणि वर म्हणाली, "अरे, मालगाडी थांबवा रे! काकांचा शब्द अजून संपला नाही!"

क्रिस्टल हसली. प्रशांतचा कॅमेरा हलला. लांब टेबलापाशी भगवानांनी पाण्याची बाटली उचलली, एक घोट घेतला आणि झाकण हळूहळू लावले. कानावरचा हेडसेट मात्र त्यांनी काढला नाही.

दुसरा डाव सुरू झाला. "ऐश्वर्या. एक गुण," भगवान म्हणाले. मग, "पकड. एक गुण." फळ्यावर आकडे लिहावेत तसे ते बोलत होते. मैदान थंड पडले. ब्रायन सरांना वाटले, यंत्रात बिघाड आहे.

"भगवानभाऊ, हेडसेट चालतोय ना? आतलं ऐकू येतंय?"

"येतंय, सर. सगळं ऐकू येतंय. सकाळपासून."

पायलचा कान माझ्या वाटीखाली एकदम तापला. एक चढाई गेली, दुसरी गेली, तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"पायल, बोल ना! लाईव्ह आहोत आपण!" क्रिस्टल ओरडली. "झालं काय तुला?"

पायलने अंगठ्याने बटण दाबले. "पप्पा..."

"कोण पप्पा?" प्रशांतने विचारले.

"ते काका नाहीत. माझे पप्पा आहेत." ती रडू आवरत होती. "पप्पा, चुकलं माझं. खूप चुकलं. बोला ना तुम्ही, नेहमीसारखं बोला ना."

मग भगवानांचा आवाज आला, अगदी शांत. "मॅडम, मॅच चालू आहे. बटण सोडा आणि लोकांशी बोला. ते वाट बघतायत."

तिने बटण सोडले. राहिलेला सामना तिने सांगितला, कसा ते तिलाच माहीत. शेवटच्या चढाईत ऐश्वर्याने सामना जिंकून दिला. एरवी भगवानांनी आभाळ डोक्यावर घेतले असते. त्या दिवशी ते म्हणाले, "दोन गुण. सामना समाप्त."

नंतर ते आमच्या टेबलापाशी आले. माझ्या भावाची वायर त्यांनी हातात सैल वेढे घेत गुंडाळली आणि मग माझीही. तीन वर्षांत मला असे कोणी हाताळले नव्हते. ब्रायन सर बघत राहिले. पायल खाली मान घालून उभी होती.

"नक्कल बरी करतेस तू," भगवान तिला म्हणाले. "फक्त श्वास चुकीच्या जागी घेतेस, बाळा. 'घेऊन'च्या आधी घ्यायचा. नाहीतर गाडी जाईपर्यंत पुरत नाही."

ते गेल्यावर ती माझ्यावर डोके टेकून हुंदके देऊन रडली. माझा स्पंज भिजला.

पायल पास झाली. आता ती दर रविवारी मला विद्यापीठातून मागून नेते आणि विठ्ठलवाडीच्या मैदानावर वडिलांशेजारी बसते. ते तिला डबा देतात, पाणी देतात, खेळाडूंची नावे सांगतात. पण ती शेजारी असली की त्यांचा शब्द अजून लांबत नाही. मालगाडी येते, निकाल तिच्यात बुडून जातो आणि मागच्या बाया एकमेकींना विचारतात, "काय झालं गं?" ती दर रविवारी ते ऐकते. तरीही पुढच्या रविवारी जाते.

मित्रांनो, मला पुसत जा, माझी वायर कोपरावर गुंडाळू नका, माझा स्पंज फाटला तर बदला. तुमचे उपकार होतील. पण लाल बटण दाबण्याआधी मान वळवून एकदा पाहा, माझा जुळा भाऊ कोणाच्या कानावर आहे. पायल ते विसरली होती. मी विसरलो नव्हतो. मला ठाऊक होते, आणि तरी मी हसलो.