यांच्यानंतर कोण?

आमच्या किचनमध्ये लाटणं माझ्या हातात असतं आणि कारभार अमेरिकेच्या अध्यक्षाचा चालतो. म्हणजे असं की आमचे हे सकाळीच फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि तिकडच्या बातम्या लावतात, त्या संध्याकाळपर्यंत चालू. इथे आयर्लंडमध्ये, ब्लँचर्डस्टाउनला आमचा डब्यांचा धंदा आहे. पुण्या-मुंबईची, नागपूरची पोरं इथल्या कंपन्यांत येतात, आठवडाभर पास्ता खातात आणि मग आमचा नंबर शोधत फिरतात. हे इथे आले ते एका हॉटेलात शेफ म्हणून. पुढे नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं. गिऱ्हाइकं यांना बाळासाहेब म्हणतात. डबा न्यायला आलेल्या पोराला बाळासाहेब आधी अमेरिकेची घटना शिकवतात, मग डबा हातात देतात. अध्यक्ष गेला तर उपाध्यक्ष, तोही गेला तर सभापती, मग सिनेटमधले कोणी ज्येष्ठ, मग परराष्ट्रमंत्री, अशी सगळी रांग तोंडपाठ. अहो, आयर्लंडलाही राष्ट्राध्यक्ष आहे, त्याचं काहीतरी सांगा, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "त्याच्या हातात काय आहे? अणुबॉम्बचं बटण आहे का?" बटण यांच्याही हातात नाही, पण ते बोलायची सोय नाही.

२०१९च्या नोव्हेंबरात तिकडे महाभियोगाची चौकशी चालू होती आणि इकडे यांना शौचावाटे रक्त जात होतं. दोन्ही प्रकरणं ऑगस्टपासून शिजत होती. पहिलं मला रोज ऐकवलं जायचं. दुसरं मला कळलं ते धुणं मशीनला लावताना.

विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं, ग्रँड आहे."

‘ठीक आहे’साठीचा हा इथला शब्द यांना फारच मानवलाय. पाऊस लागला, ग्रँड. गाडी बंद पडली, ग्रँड. तांदळाची गोणी उचलताना चेहरा पांढराफटक पडला, तरी ग्रँडच. मी भांडभांड भांडले तेव्हा कुठे डॉक्टरकडे आले. डॉक्टरांनी हॉस्पिटलला कळवलं आणि आतड्यात दुर्बीण घालून बघायची तारीख लगेच आली. ती लगेच आली म्हणूनच मी घाबरले. इथे नुसता गुडघा दाखवायचा तर वर्ष जातं. यांना एवढ्या तातडीनं बोलावलं, म्हणजे कोणाला तरी काहीतरी वाटत असणार.

आदल्या दिवशी दुपारी रुपेश आला होता. रुपेश माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. चेरीवूडला एका कंपनीत इंजिनिअर आहे, राहतो ओंगारला. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे मुलगा म्हणा, पुतण्या म्हणा, तोच. हे पोट साफ करायचं औषध नाक मुरडत पीत होते. अर्धा ग्लास झाल्यावर घसा खाकरून म्हणाले, "अमेरिकेचा अध्यक्षसुद्धा या तपासणीला जातो ना, तेव्हा अधिकार उपाध्यक्षाला देऊन जातो. पंचविसावी घटनादुरुस्ती. हा गुंगीत असताना देश काय वाऱ्यावर सोडायचा? जागा झाला की परत घेतो. तसं उद्या सगळं रुपेशकडे." आणि किचनची किल्ली आणि ऑर्डरींचा फोन खरोखर रुपेशच्या हातात दिला.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू सभापती. रांगेत तिसरी."

रुपेश हसला. मला काही हसू आलं नाही. मसाले भाजते मी, पोळ्या लाटते मी, एखादं गिऱ्हाईक चिडलं तर फोनवर साखर पेरते मी, आणि रांगेत तिसरी!

"तो शंभर वर्षांपूर्वीचा अध्यक्ष विसरलात वाटतं," मी म्हणाले. "अर्धांगवायू झालेला. त्याच्या बायकोनं महिनोन् महिने कोणाला धड खोलीत येऊ दिलं नाही. कागद आले की आधी ती बघायची. तिला कोणी नेमलं होतं?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. यांना वाटतं, लाटण्याच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही.

"तिनं अख्ख्या देशाला अंधारात ठेवलं," हे म्हणाले.

"ठेवलं असेल. तिला स्वतःला तरी सगळं माहीत होतं ना? मला तेवढं पुरे. उद्या डॉक्टर जे काय सांगतील ते मी माझ्या कानांनी ऐकणार. तुमच्या तोंडून मला ऐकायचंच नाही."

खरोखर मला एवढंच हवं होतं. यांच्याकडून आलं की जगबुडीसुद्धा ग्रँडच असते, आणि चार महिने रक्त जाताना बायकोला पत्ता लागू न देणारा माणूस पुढचे चार महिनेही काढू शकतो. यावर हे काहीतरी बोलणार होते, पण औषधानं काम सुरू केलं आणि यांना पळावं लागलं.

सकाळी रुपेशनं आम्हाला हॉस्पिटलच्या दारात सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. आत एक नर्स भेटली, कॉर्ककडची असावी, गाण्यासारखं बोलत होती. कशाची ॲलर्जी आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, दात स्वतःचे की बसवलेले, सगळं विचारून झालं. मग तिनं विचारलं, "नेक्स्ट ऑफ किन?"

"रुपेश," हे म्हणाले. आडनाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, फोन नंबर सांगितला. मी यांच्या कोपराला कोपर लावून बसले होते.

कोणी कानशिलात भडकावावी तसं झालं मला. आधी वाटलं, यांनी त्यातला नेक्स्ट तेवढा ऐकला. डोक्यात रात्रंदिवस ती रांग. याच्यानंतर कोण, त्याच्यानंतर कोण! तसंच काहीतरी ही बाई विचारतेय असं वाटलं असणार.

"अहो," मी हळूच म्हणाले, "तुमच्या पुढचा कोण असं नाही विचारत ती. जवळचं माणूस विचारतेय, डॉक्टर ज्याला सगळं सांगतील ते."

"मला कळतं," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

मग यांना मागून बांधायचा तो झगा दिला. जाताना हे वळून म्हणाले, "डबे वेळेवर निघाले का बघ." त्या दिवशी डबे बंद ठेवले होते. यांनीच तर ठेवले होते. ते विसरले हे बघून माझा राग एकदम पातळ झाला, कारण हा माणूस ऑर्डरीचं काही विसरत नाही. घाबरला होता तो.

रुपेश आला आणि आम्ही बाहेर बसलो. भिंतीवरच्या टीव्हीत कोणी नवरा-बायको घरं बघत हिंडत होते, आवाज बंद. मी दाराकडे बघत होते. दार उघडायचं, कोणाचं तरी नाव घ्यायचे, दार लागायचं. लाल चेहऱ्याचा एक माणूस यांच्यानंतर आत गेला होता. तो बाहेर आला, बायकोनं त्याला कोट चढवला आणि दोघं हसत निघून गेले. त्याच्यानंतरची बाईसुद्धा गेली. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणायला घेतली आणि दर वेळी एकाच ओळीवर येऊन अडकत राहिले.

रुपेशचा गुडघा सारखा हलत होता. लहानपणी काही लपवलं की तो असाच बसायचा.

"काकांनी तुला काय सांगून ठेवलंय?" मी विचारलं.

"काही नाही काकू. यू नो काका."

"रुपेश."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "रविवारी गाडीत म्हणाले, डॉक्टर काही सीरियस बोलले तर काकूला लगेच सांगायचं नाही. ख्रिसमसच्या ऑर्डरी होऊन जाऊ देत. तिला झेपणार नाही म्हणाले. शपथ घातलीय मला."

"कोणाची?"

"तुमची."

आजार यांचा, बातमी लपवायची माझ्यापासून, आणि शपथही माझीच! म्हणजे ते नाव चुकून दिलं नव्हतं. चांगलं ठरवून दिलं होतं. मला असा संताप आला की त्या खुर्चीवर बसवेना. झेपणार नाही म्हणे! यांच्या मागे मी हा थंडगार देश झेपवला. भाषा येत नसताना दुकानात खुणा करून जिरं मागितलं. लग्नाच्या ऑर्डरीला हे तापानं फणफणले होते तेव्हा सगळी पंगत मी एकटीनं काढली. तेव्हा झेपलं ना? रुपेशला मी हे सगळं ऐकवलं. तो बिचारा "हो काकू, हो काकू" करत राहिला. समोरच्या आजीबाई मासिक खाली ठेवून बघायला लागल्या तेव्हा मी थांबले.

संताप होता तोवर बरं होतं. तो उतरला आणि खाली नुसती भीती उरली. मला वाटलं, यांचं बरोबर असेल तर? खरंच झेपलं नाही तर?

दार उघडलं. तीच नर्स. "रुपेश?"

रुपेश उभा राहिला. मीही उभी राहिले. नर्सनं हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्याकडे एकच नाव होतं. रुपेशनं माझ्याकडे पाहिलं, आणि लहानपणापासून काकांच्या शब्दाबाहेर न गेलेला तो मुलगा म्हणाला, "इट्स नॉट मी. इट्स हर. शी इज द वाइफ."

"अह, कम ऑन इन, लव्ह," नर्स म्हणाली आणि दार धरून उभी राहिली. सगळी सकाळ मी ज्या दाराशी मनात भांडत होते ते इतकं सहज उघडलं. रुपेश बाहेरच थांबला.

आत पडदे लावून केलेल्या छोट्या छोट्या जागा होत्या. शेवटच्या पडद्याशी उंच, केस बारीक कापलेली डॉक्टर उभी होती. तिनं मला बसायला सांगितलं, तेव्हाच मी समजले. ती सावकाश, सोप्या शब्दांत बोलली. आतड्यात एक गाठ दिसलीय. तुकडा काढून तपासायला दिलाय. स्कॅन याच आठवड्यात करू.

"कॅन्सर?" मी विचारलं.

तिनं नजर चुकवली नाही. "बहुतेक हो," ती म्हणाली. "ऑपरेशन होईल असं मला वाटतं, पण स्कॅन बघितल्याशिवाय शब्द देत नाही."

यांना सांगितलंत का, असं मी विचारलं. सांगितलंय, पण अजून गुंगी आहे, किती लक्षात राहील माहीत नाही, असं म्हणाली. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती पुढच्या पडद्याकडे गेली.

मी आत गेले. चष्मा काढल्यामुळे यांचा चेहरा कोणा दुसऱ्याचाच वाटत होता. डोळे मिटलेले होते. माझी चाहूल लागली तसे ओठ हलले.

"रुपेश," हे म्हणाले, "काकूला यातलं काही बोलू नकोस हं. म्हणावं, काही निघालं नाही. ती उगाच रडत बसेल."

एक क्षण वाटलं, गप्प बसावं. पाय न वाजवता बाहेर जावं, रुपेशला आत पाठवावं आणि मग नव्यानं येऊन म्हणावं, काय म्हणाले डॉक्टर? यांना बरं वाटलं असतं. ऑर्डरी झाल्या असत्या. रात्री एका पलंगावर दोघं एकमेकांपासून तेच लपवत पडलो असतो. नको. ते मला नाही जमणार.

"मीच आहे," मी म्हणाले. "ऐकलंय सगळं."

यांनी डोळे उघडले. "कोणी सोडलं तुला आत?"

"दार उघडं होतं."

कपाळाला आठी पडली. आता ओरडणार असं वाटलं. पण ती आठी राहिलीच नाही. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं. सासरे गेले तेव्हाही हे रडले नव्हते, लोकांना पाणी देत फिरत होते. मी यांचा हात धरला. त्या हातात सुई टोचलेली होती, म्हणून फक्त बोटं धरली.

"मग आता काय करायचं गं?" यांनी विचारलं.

गाव सोडायचं हे यांनी ठरवलं, मला कळवलं. नोकरी सोडायची, किचन घ्यायचं, पोळ्यांचा आकार लहान करायचा, सगळं आधी ठरायचं आणि मग माझ्या कानावर यायचं. मला कधी कोणी विचारलंच नाही, हे रडगाणं मी बहिणीला फोनवर इतकी वर्षं ऐकवलं. आज विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नर्स चहा आणि बटर लावलेला टोस्ट ठेवून गेली.

"आधी चहा घ्या," मी म्हणाले. "मग सांगते."

यांनी निमूटपणे कप दोन्ही हातांत धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.