हद्दीची पाटी

आमचे हे कोपरगावला शेतकऱ्यांच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना तत्त्वज्ञान घेऊन आले. एरवी बाजारातून सांगितलेली कोथिंबीरसुद्धा आणत नाहीत.

"जयमाला, ज्यानं घाम गाळला त्याची जमीन," जेवताना त्यांनी ऐकवलं. "मालकावर दुसरा मालक न्हाई. सरकारनं मधी लुडबुड करायचीच न्हाई."

"भाकरी वाढू, का तीबी लुडबुड हुईल?" मी विचारलं. ह्यांचं नाव गहिनीनाथ, पण त्या आठवड्यात गाव ह्यांना 'मालक' म्हणायला लागलं. लोक चेष्टा करतात हे ह्यांना कळलं नाही, आणि मी कळू दिलं नाही.

मग पत्र्याची पाटी रंगवून आली : 'खाजगी मालमत्ता. परवानगीशिवाय आत येऊ नये.' कारण काय, तर शेजारच्या भीमाच्या शेळ्या आमच्या बांधावर चरतात. भीमाची दोन एकरं आमच्या रानाला लागूनच. पाटी नेमकी हद्दीवर रोवायची म्हणून ह्यांनी मोजणीचा अर्ज केला. कुठं? सरकारी कचेरीत! मी हसले, तर दोन दिवस अबोला धरला.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते. नांगरताना दर साली बांधाचा एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आपल्या रानात ओढायचा. आजेसासऱ्यांनी ओढला, सासऱ्यांनी ओढला, ह्यांनीही ओढला. ह्याला चोरी कुणी म्हणत नाही. बैल जरा पलीकडं सरकले, एवढंच म्हणतात. तीन पिढ्यांचे बैल एकाच बाजूला कसे सरकले, हे कुणी विचारलं नव्हतं.

ते मोजणीवाल्यानं विचारलं. साखळी ओढत दुपारपर्यंत मापं घेतली आणि आमच्या कांद्याच्या वाफ्यातून हद्दीचा जुना दगड उकरून काढला. दगड विहिरीच्या अलीकडं निघाला. म्हणजे विहीर भीमाच्या रानात.

आमचं सगळं रान त्या एका विहिरीवर भिजायचं. ती गेली तर खाली उरणार होती फक्त कुसळं.

"कागद सरकारचा हाय. आमी मानत न्हाई," हे म्हणाले. "हीर घामानं झालीय. घाम गाळला त्याची."

मोजणीला आलेला भीमा पुढं झाला. "कबूल, दादा. पन घाम कुनाचा?"

हे सासऱ्यांचं नाव घेणार, एवढ्यात मीच बोलले. बाहत्तरच्या दुष्काळात विहीर खणली, तेव्हा मी ह्या घरात नवी सून होते. "भीमाच्या बापाचा. मामंजी बाभळीखाली बसून असायचे. म्या बघितलंय."

आणखी एक बघितलं होतं, ते बोलले नाही. तहान लागली की तो माणूस ओंजळ करून खाली बसायचा आणि मी तांब्या उंच धरून पाणी ओतायची. विटाळ नको म्हणून. त्यानंच खणलेल्या विहिरीचं पाणी. आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

कागदानं विहीर भीमाची आणि घामानंही भीमाचीच. ह्यांच्या तत्त्वज्ञानाला पळायला वाट उरली नाही. भीमानं बांधावर पडलेली पाटी उचलली, विहिरीपाशी नेऊन रोवली आणि बुडाशी दगड ठोकून पक्की केली. "रंग झ्याक दिलाय, दादा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांद्याला पाणी द्यायचं होतं. हे मोटार चालू करायला निघाले आणि पाटीपाशी थबकले. मी मागंच होते. भीमा पलीकडं शेळ्या बांधत होता. ह्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"भीमराव, पानी घेऊ का?"

आमच्या घरानं त्यांच्या घराकडं पाणी मागितलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"घ्या की. निम्मं तुमी, निम्मं आमी," भीमा म्हणाला. "आन् शेळ्या?"

"चरू द्या. बांधच कुटं राहिलाय आमचा!" हे म्हणाले, आणि दोघंही हसले. शिबिरावरून आल्यापासून आमच्या मालकांचं हे पहिलं शहाणपणाचं बोलणं.

मला हसू येईना. भीमानं विहिरीतून तांब्या भरून आणला, तशी मी खाली बसले आणि ओंजळ पुढं केली.

त्यालाही सगळं आठवत असणार.

"उठा, वैनी," तो म्हणाला आणि तांब्या माझ्या हातात दिला.