तिला कुठं कळतंय!

तंजावरच्या एका मोठ्या सेवासंस्थेत जननी नोकरीला लागली, त्या दिवसापासून सुंदरीच्या पोटात दुखायला लागलं. आणि का दुखू नये? मद्रासचं चेन्नई होण्याच्या कितीतरी आधीपासून सुंदरी या संस्थेसाठी मोपेडवरून कावेरीकाठची खेडी पालथी घालत होती, बायकांचे बचतगट उभे करत होती. उन्हानं रंग उतरला, टाचा फुटल्या. आणि ही कालची पोर कॉम्प्युटर शिकून आली, पंख्याखाली बसली, अन् वार्षिक अहवालात फोटो कुणाचा? तर जननीचा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

हे सगळं सुंदरी बोलायचीही. जननीच्या समोर, हसत हसत, मराठीत. शेजारच्या टेबलावरचे हिशेबनीस तुळजाराम सुंदरीसारखेच तंजावरी मराठी घरातले. बाकी कचेरी तमिळ. जननीची साडी, चाल, इंग्रजी, सगळ्याची सालं निघायची. तुळजाराम हळू बोल म्हणाले, तर हिचं उत्तर ठरलेलं, "तिला कुठं कळतंय!"

तिरुवैयारुला नवी शाखा निघणार होती. तिची प्रमुख आपणच, हे सुंदरीनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मुख्य कचेरीतून एक बाई आल्या. त्यांनी सर्वांना गोल बसवलं आणि इथं काम करताना कसं वाटतं ते मोकळेपणानं सांगा म्हणाल्या. मोकळेपणानं म्हणे! साहेबासमोर कोण मोकळं होतं? कुणाला संस्था देऊळ वाटत होती, कुणाला शाळा. सुंदरीनं माहेर सांगितलं. मग बाईंनी तिरुवैयारुसाठी जननीचं नाव काढलं, आणि सुंदरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आमी उन्हात मरायचं आणि ह्या सटवीनं मिरवायचं," ती तुळजारामांकडे वळून म्हणाली. "नटण्यापलीकडं हिला येतं काय?"

काय म्हणतायत त्या, असं बाईंनी विचारलं. तुळजाराम चष्मा पुसायला लागले.

तेव्हा जननी उठली. आपली आजी ओरत्तनाडूच्या मराठी घरातली, आपल्याला बोलायला जमत नसलं तरी कळतं सगळं, असं तिनं तमिळमधून सांगितलं. सुंदरीला आपलं एकेक वाक्य आठवायला लागलं. म्हणजे आजवरचं सगळं हिनं ऐकलंय!

"अक्का म्हणतात, उन्हात त्या राबल्या आणि नाव माझं झालं," जननी बाईंना म्हणाली. "खरं आहे ते. खेड्यातल्या बायका त्यांनाच ओळखतात. तिरुवैयारु त्यांना द्या."

आणि ते तिलाच मिळालं.

संध्याकाळी सायकलींच्या शेडमध्ये सुंदरीनं जननीला गाठलं. बाईंना सांगताना उरलेलं का गिळलंस, म्हणून विचारलं. जननीनं शब्द जुळवत, मोडक्या मराठीत उत्तर दिलं.

"ते मला बोल्लेलं, अक्का. त्यांना नव्हे."

सुंदरीनं मोपेड सुरू केली. हवं ते पदरात पडलं होतं, आणि पोटातलं दुखणं मात्र दुपटीनं वाढलं होतं. कॉम्प्युटर हिचा, इंग्रजी हिचं, फोटो हिचा. आता मोठं मनही हिचंच. आणि हिला 'मेली' म्हणायचं, तर मराठीतही सोय उरली नव्हती.