सतरावं प्रकरण

धार-देवास वाचन मंडळात लेखिकेचं नाव कुणी घेत नसे. तिनं इंग्लंडातल्या एका गावात बसून कादंबऱ्या लिहिल्या त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली होती, पण मंडळात ती नुसती 'बाई' होती. बाईंना पाऊस आवडत नसे, बाईंनी वकिलांना कधी सोडलं नाही, असं बोलणं चाले. नव्या माणसाला वाटे, मागच्या गल्लीतल्याच कुणाबद्दल बोलताहेत.

पहिल्या रविवारी बैठक, एक महिना धारला, एक महिना देवासला. पुस्तकांची प्रत एकेकच, विनोदिनीताईंच्या वडिलांची. ते धार संस्थानच्या शिक्षण खात्यात होते. विनोदिनीताई एक परिच्छेद इंग्रजीत वाचत आणि लगेच मराठीत सांगत. नियम दोनच होते. पुढचं पान कुणी पाहायचं नाही आणि दुसरी प्रत कुणी आणायची नाही. हे नियम सगळ्यांत कडक पाळत ते विनोदिनीताईंचे धाकटे भाऊ भास्करराव. बायको गेल्यापासून ते बहिणीबरोबरच राहत. घरात पुस्तक उशाशी असून मी उघडत नाही, असं ते सांगत आणि देवासचे गणपतराव माळवी थाटात म्हणत, "भिया, तुम्ही तर उपासाला साबुदाणासुद्धा खात नसाल."

सावित्रीबाई देवासच्या. नवरा वारल्यावर विमा कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांचं इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं आणि शाळा हिंदीत झाल्यामुळे मराठीही वाचताना बोट फिरवावं लागे. मंडळात त्या ऐकायला येत. बाईंची प्रत्येक कादंबरी त्यांना विनोदिनीताईंच्या आवाजातच माहीत होती.

सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मंडळाची सहल नर्मदेकाठी धरमपुरीला गेली होती. होडीतून उतरताना भास्कररावांनी सावित्रीबाईंच्या हातात एक बंद पाकीट दिलं. आत काय असेल हे त्यांना न विचारता कळलं. वर्षभर ते कळत आलंच होतं. भास्करराव एवढंच म्हणाले, "आत्ता नको. वाचन झाल्यावर उघडा."

जेवणानंतर घाटावर सतरंजी पसरून सतरावं प्रकरण वाचायला घेतलं. कादंबरीतली विधवा टेकडीवरच्या छोट्या घरात एकटी राहते आणि गावचा डॉक्टर तिला पत्र पाठवतो. विनोदिनीताई म्हणाल्या, घसा बसलाय, आज इंग्रजी राहू दे, सरळ मराठीत सांगते. त्यांनी सांगितलं ते असं: विधवा पाकीट दिव्यापाशी धरते, त्यावरचं आपलं नाव वाचते आणि न फोडताच परत पाठवते. तिला तिचं घर पुरेसं असतं. त्यांनी ते फार सुंदर सांगितलं. बसमध्ये चढण्यापूर्वी सावित्रीबाईंनी पाकीट भास्कररावांना तसंच परत दिलं. त्यांनी ते घेतलं, खिशात ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बसले.

त्यानंतर सहा वर्षं दोघं महिन्यातून एकदा भेटत राहिले, चौदा माणसांत. चहा द्यायचा, चहा घ्यायचा.

या वर्षी नेहा देवासला राहायला आली. ती सावित्रीबाईंच्या दिरांची मुलगी, शाळेत इंग्रजी शिकवायची. मंडळात यायचं म्हणून तिनं नियम माहीत नसताना ती कादंबरी मागवली. सावित्रीबाईंनी आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, आलीच आहे तर मला सतरावं ऐकव. ते त्यांना पाठ होतं, नेहाला त्यांनी ते आधी सांगूनही दाखवलं. त्याच्याच आधारानं त्यांनी सहा वर्षं काढली होती.

नेहानं दोन पानं वाचली आणि थांबली. "काकीसाहेब, तुम्ही सांगितलं वैसा तो कुछ है ही नहीं. इथं ती पत्र उघडते."

"पुढचं वाच."

"उघडते, आणि शाल घेऊन त्याच्याकडे जाते. दार उघडंच टाकून."

सावित्रीबाईंनी तिला ते पान तीन वेळा वाचायला लावलं. मग त्यांना बसलेला घसा आठवला. बसमध्ये दीड तास विनोदिनीताई सगळ्यांशी चांगल्या खणखणीत बोलत होत्या, हेही आठवलं.

बैठक चार दिवसांवर होती. त्या चार दिवसांत राग आला तसा दुसराही विचार येत राहिला. फसवणूक एकट्या त्यांची नव्हती, भास्कररावांचीही झाली होती. नियमाचा माणूस, त्याला बिचाऱ्याला काय कळणार. त्याला सांगता येईल. पाकीट अजून असेल तर मागता येईल. अठ्ठावन्न हे काही फार वय नव्हे. रविवारी धारला जाताना त्यांनी मोतिया रंगाची साडी नेसली आणि नेहानं काही विचारलं नाही.

बैठकीत सावित्रीबाईंनी नेहाच्या पर्समधून पुस्तक काढून समोर ठेवलं आणि सांगितलं, आज मागं जायचं, सतरावं प्रकरण, नेहा वाचेल. गणपतरावांनी दुसऱ्या प्रतीचा दंड काय, असं विचारून पाहिलं. कुणी हसलं नाही. विनोदिनीताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. नको म्हणाल्या नाहीत.

नेहा रीतीप्रमाणे इंग्रजी वाचून मग मराठीत सांगत गेली, अडखळत, मधेच हिंदीत जात. सावित्रीबाई पुस्तकाकडे पाहत नव्हत्या. त्या भास्कररावांकडे पाहत होत्या, त्यांना धक्का बसेल तो क्षण चुकू नये म्हणून. विधवा पाकीट दिव्यापाशी धरते तिथं नेहा आली. पुढचं इंग्रजी वाक्य लांब होतं. नेहानं ते सुरू केलं आणि भास्कररावांचे ओठ हलले. आवाज नव्हता. पण नेहाच्या तोंडून शब्द येण्याआधी तो त्यांच्या ओठांवर येत होता, वाक्य संपेपर्यंत.

वाचन झाल्यावर उघडा, ते म्हणाले होते. त्यांना माहीत होतं त्या दिवशी काय वाचलं जाणार. उघडा आणि या, हे सांगायचं काम त्यांनी बाईंवर सोपवलं होतं. आणि बहीण समोर बसून ते फिरवत होती तेव्हाही त्यांना माहीत होतं.

नेहाचं संपलं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. विनोदिनीताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. सावित्रीबाई पाठोपाठ गेल्यावर त्यांनी लपवाछपवी केली नाही. काठावरून पाकीट देताना दिसलं, तिथल्या तिथं सुचलं, म्हणाल्या. भास्कर तुमच्याबरोबर गेला असता तर या घरात मी भिंतींशी बोलले असते. माफी मागितली नाही आणि सावित्रीबाईंना त्याचं विशेष वाटलंही नाही. विनोदिनीताईंना निदान काहीतरी हवं होतं.

फाटकापाशी भास्करराव आले. हातात तेच पाकीट होतं, कडा पिवळ्या पडलेल्या, अजून बंद.

"त्या दिवशी तुम्ही ऐकत होतात," सावित्रीबाई म्हणाल्या.

"ताई सगळ्यांसमोर सांगत होती. तिला मधेच कसं..."

"बसमध्ये ताई पुढं बसल्या होत्या. तुम्ही खिडकीत होतात."

भास्कररावांनी पाकीट थोडं पुढं केलं. सावित्रीबाईंनी त्यावरचं आपलं नाव वाचलं, अक्षर सुरेख होतं, आणि हात पदराखालीच ठेवले.

"पुढची बैठक देवासला, माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "नेहा वाचेल. तुम्ही यायची तसदी घेऊ नका. तुम्हाला पाठ आहे."

गाडी घाटाबिल्लोदच्या पुढं गेली. गाडी नेहा चालवत होती. पुस्तक सावित्रीबाईंच्या मांडीवर होतं आणि सतराव्यानंतर बरीच पानं उरली होती. विनोदिनीताईंनी पुढची प्रकरणंही सांगितली होती. त्यांत किती बाईंचं आणि किती त्यांचं, कोण जाणे.

"घरी गेल्यावर पहिल्यापासून वाच," त्या नेहाला म्हणाल्या. "हिंदीत सांगितलंस तरी चालेल. गाळू मात्र काही नको."