मोनिकाची तेलाची वाटी

मी एक जुनी तेलाची वाटी आहे, मित्रांनो. खरं तर मी स्टीलची, आमटीची. चांगुणाबाईंच्या लग्नात आहेर म्हणून आले, पोटावर देणाऱ्याचं नाव मिरवत. नवरा गेल्यावर त्या काष्टीला भावाच्या, वाल्मिकच्या घरी राहायला आल्या, तेव्हा मलाही सोबत आणलं. पुढे ओट्यावरून पडून मला पोचा आला आणि ताटातली जागा गेली. मग मला खोबरेल तेलाला लावलं. राग आला होता, खोटं कशाला सांगू!

तो राग वाल्मिकच्या लेकीनं, मोनिकानं घालवला. रोज आंघोळीआधी चांगुणाबाई तिला मांडीवर घेत. त्यांचं बोट माझ्यात बुडे, मग पोरीच्या नाकपुडीत, पुन्हा माझ्यात, मग कोपराच्या नि गुडघ्यामागच्या खाचांत. "आत्याच्या हाताला लई गुन हाय," असं शेजारणी म्हणत. त्यातलं निम्मं कौतुक मी मुकाट्याने माझ्याकडे घेई.

मोनिकाला इसब होता. त्या खाचा लाल होत, खाजवून खाजवून चिघळत. जितकं चिघळे, तितकं तेल जास्त. अंगणवाडीत इतर आया आपली पोरं तिच्यापासून लांब बसवू लागल्या. बिचारी कोपऱ्यात एकटीच खिचडी खाऊन घरी येई.

अखेर वाल्मिक आणि त्याची बायको रेश्मा तिला श्रीगोंद्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथे कापसाची काडी नाकात फिरवून तपासणी झाली. अहवाल आला त्या दिवशी रेश्मा ओट्यापाशी उभी राहून सांगू लागली, "वन्सं, जंतू हिच्या नाकात हायेत. तिथं गप असत्यात, पर फुटल्या कातडीत गेले की चिघळवत्यात. नाकात घातलेलं बोट जखमेला लावू नका, डॉक्टर म्हनले."

चांगुणाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी माझ्याच हातानं व्हय गं?"

"तसं न्हाई वन्सं! इसब तिला आधीपासून हाय. तुमी मायेनंच करत हुता."

पण त्यांनी मनाला लावून घेतलं. मला घासून वरच्या फळीवर पालथं घातलं आणि पोरीला हात लावणंच सोडलं. रेश्मा सांगितल्याप्रमाणे औषध नि मलम लावी. खाचा सुकत चालल्या. मोनिका आत्याजवळ सरकली की आत्या उठून बाहेर जाई. मला वरून सगळं दिसे आणि जीव तुटे.

एका सकाळी मोनिका त्यांच्यापुढे उभी राहिली. कोपर वर करून म्हणाली, "आत्या, बघ, आता बरं झालंय. तरी तू पन अंगनवाडीवानी लांब बसतीस?"

चांगुणाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठल्या, मोरीत गेल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. रेश्मानं मलमाची डबी पुढे केली. "घ्या, आता तुमीच लावा. तेवढं डबीत बोट न घालता चमच्यानं काढा." त्यांनी पोरीला मांडीवर ओढलं आणि कितीतरी वेळ मलम लावायचंच विसरल्या.

मित्रांनो, नाकाला लावलेलं बोट जखमेला लावू नका, हात धुवा, डॉक्टरांचं ऐका. पण इसब झालेल्या लेकराला लांब बसवू नका. इसब शेजारी बसून लागत नाही. मी राहीन फळीवर, लेकराला मात्र मांडीवर घ्या.