काळी पट्टी सासूबाईंना

मोठ्या अपघाताची रंगीत तालीम होती. एका जखमीला तीस सेकंद. जमलं, तरच रुग्णालयाच्या दारावर आधी कोणावर उपचार करायचे ते ठरवून जखमी निवडायचं काम परीक्षा देणाऱ्या सिस्टरकडे राहणार होतं. हौसेने जखमी झालेल्यांत तिच्या सासूबाईही होत्या. त्यांच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘श्वास नाही’. म्हणजे मान सरळ करून पाहायचं आणि तरीही श्वास नसेल, तर मृताची काळी पट्टी बांधून पुढे जायचं.

तिने मान सरळ केली; पट्टीपाशी मात्र हात अडला. डॉक्टर घड्याळ धरून उभे होते.

“अगं, बांध की!” सासूबाई डोळे मिटूनच पुटपुटल्या. “पलीकडचा कधीचा विव्हळतोय.”

“आई, मेलेल्यांनी बोलायचं नसतं,” म्हणत तिने गाठ मारली आणि पलीकडे वळली.

डॉक्टरांनी लिहिलं : अठ्ठावीस सेकंद.