दुर्बिणीच्या वाट्याचा तांब्या

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जुनी म्हटलं की काही जण लगेच 'अरेरे' म्हणतात. त्यांना आधीच सांगून ठेवते, अरेरे म्हणण्यासारखं माझं काही नाही. अंगावरचं काळं रबर जागोजागी पांढरट पडलंय, गळ्यातला पट्टा दोनदा बदललाय आणि डाव्या काचेवर एक ओरखडा आहे, एवढंच. बाकी खाडीच्या पार त्या टोकाला बसलेला पक्षी मी आजही पिसापिसाने दाखवते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला पाण्यात बुडवून पाहिलं, फळीवर आपटून पाहिलं आणि मगच पास केलं. ऊन, पाऊस, चिखल सोसायचा म्हणूनच मला घडवलं होतं. आणि नशीब बघा, येऊन पडले डोंबिवलीतल्या एका शोकेसमध्ये! रसिका नावाच्या मुलीच्या काकांनी मला विमानातून आणलं. रसिकाच्या आईने मला चामड्याच्या पेटीत घालून पाहुण्यांच्या कपबशांशेजारी काचेआड ठेवलं. "हात लावू नका हं, बाहेरची आहे," असं ती येईल त्याला सांगायची. कौतुकाला तोटा नव्हता. पण नऊ वर्षांत पेटीचं झाकण उघडलं ते फक्त दिवाळीच्या साफसफाईला. आत दमट हवा कोंडली आणि माझ्या काचांवर बुरशी चढली. सणासाठी जपून ठेवलेला लाडू डब्यातच कुबट व्हावा, तशी माझी गत झाली.

एके दिवशी रसिकाची कॉलेजातली मैत्रीण घरी आली. तिचं नाव दिशा. ती डोंबिवलीजवळच्या दिवा गावात राहते. तिचे आजोबा पंढरी आणि आजी आवडाबाई यांनी चाळीस वर्षं मिठागरात काम केलं होतं. मिठागर बंद पडलं, आजोबा गेले, पण दिशाच्या डोक्यातून खाडी काही गेली नाही. ठाण्याच्या खाडीत लोकांना नावेतून पक्षी दाखवायला नेतात. त्या नावेवर मार्गदर्शकाची एकच जागा निघणार होती आणि जानेवारीत तिची परीक्षा होती.

"आमची माणसं जन्मभर त्या चिखलात उभी राहिली गं," दिशा रसिकाला म्हणाली, "आणि खाडी दाखवायला आमचं एक माणूस नाही. मला ती जागा पाहिजेच. पण माझ्याकडे साधी दुर्बीण पण नाहीये."

रसिकाने शोकेसकडे पाहिलं. तिची आई म्हणाली, "ने बाई ती. तशीही कामाची राहिली नाही."

कामाची राहिले नाही? मला काम दिलं होतं कुणी? असा राग आला म्हणून सांगू! पण त्याच रागाच्या भरात मी त्या घराचा उंबरठा ओलांडला, ते बरंच झालं.

दिशाने मला ठाण्यात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या पोपटकाकांकडे नेलं. त्यांनी मला उजेडात धरलं आणि म्हणाले, "नशीबवान आहेस, बुरशी वरवरच आहे. आत गेली असती तर हात जोडले असते." त्यांनी काचा साफ केल्या, रबराच्या कड्या बदलल्या आणि चामड्याची पेटी सरळ कचऱ्यात टाकली. त्या पेटीला निरोप देताना मला जराही वाईट वाटलं नाही.

मग सुरू झालं माझं खरं आयुष्य. पहाटे खाडी, दुपारी खाडी, भरतीला आणि ओहोटीला खाडी. पहिल्याच आठवड्यात मात्र दिशा चुकली. खाऱ्या पाण्याचे थेंब माझ्या काचेवर सुकले होते आणि घरी येऊन तिने ते ओढणीने खसाखसा पुसले. करर्र आवाज झाला. मघाशी सांगितलेला ओरखडा तो हाच.

तो आवाज घरात भाकरी थापणाऱ्या आवडाबाईने ऐकला. मिठागरातली बाई, तिला मिठाचा आवाज कळणार नाही तर कुणाला?

"पोरी, मीठ पुसाचा नसतं, धुवाचा असतं," ती म्हणाली. "आमी फावडा सुदा गोड्या पान्यान धुतल्याबिगर कदी घरा नाय आनला. मीठ एकदा सुकला का लोखंड पन खातं."

मिठागरातल्या माणसांचा तो जुना रिवाज. दिवसाचं काम संपलं की हत्यार गोड्या पाण्याने धुवायचं, मगच आपले पाय. त्या दिवसापासून तो मला लागू झाला. मित्रांनो, दिव्यात पाणी म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा. दोन-दोन दिवस नळ कोरडा. तरी आवडाबाई पिंपातून एक तांब्या काढून माझ्यासाठी झाकून ठेवायची. शेजारची तुळसा तोंडाला पदर लावून हसायची. "मानसाला प्यायला नाय आन ही काचंला आंघोल घालतं!"

"हत्यार हाय तो माझे नातीचा," आवडाबाई म्हणायची.

नऊ वर्षं मला कुणी 'वस्तू' म्हणत होतं. हत्यार म्हणणारी ही पहिलीच.

परीक्षेची सकाळ उजाडली. धक्क्यावर समीक्षा मॅडम परीक्षा घ्यायला उभ्या होत्या. नाव वल्हवायला दिशाचा चुलतभाऊ कमलेश होता. दिशा नावेत पाय ठेवायला गेली आणि शेवाळावरून घसरून गुडघाभर चिखलात बसली. मी तिच्या गळ्यात होते, म्हणजे मीही खाऱ्या चिखलात नाकापर्यंत बुडाले.

"दे इकडे, पुसून देतो," म्हणत कमलेशने खांद्यावरचा टॉवेल पुढे केला.

"पुसू नको!" दिशा ओरडली. तिने पिशवीतून प्यायच्या पाण्याची बाटली काढली आणि सगळीच्या सगळी माझ्यावर ओतली.

"अगं, दुर्बिणीवर पाणी ओततेस?" मॅडम चकित झाल्या.

दिशाने मला झटकलं, मऊ कापडाने ओल टिपली आणि ती नावेत चढली. खाडीच्या मध्यावर मॅडमनी लांबच्या चिखलाकडे बोट दाखवलं. तिथे लांब चोचीचा एक पाणटिवळा उभा होता. पक्ष्यांच्या प्रवासाचा माग लागावा म्हणून त्यांच्या पायात अक्षरांची पट्टी घालतात, ती त्याच्या पायात होती.

"पट्टी वाचून दाखव."

पण तेवढ्यात तो शहाणा एकाच पायावर उभा राहिला, आणि पट्टीचा पाय नेमका पोटाशी दुमडला! नाव हलत होती. अंदाजाने काहीतरी ठोकून देता आलं असतं. तिने तसं केलं नाही. ती थांबली, आणि मीही श्वास रोखल्यासारखी तिच्या डोळ्यांना चिकटून राहिले. अखेर त्या पठ्ठ्याने पाय खाली टेकला.

"के, आर, सात," दिशा म्हणाली.

मॅडमनी आपल्या मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. के, आर, सात.

"हे पाणी ओतायचं तुला कुणी शिकवलं?"

"मिठागरातली आहे मी, मॅडम," दिशा म्हणाली. "आम्ही मीठ सुकू देत नाही."

जागा दिशाला मिळाली, मॅडमनी नावेतच सांगून टाकलं. कमलेशने वल्हं सोडून अशी आरोळी ठोकली की चिखलातले सगळे पक्षी एकदम उडाले!

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी माझ्यासारखं असेल तर त्याला काचेआड कोंडू नका. वापरा, चिखलात न्या, पण घरी आल्यावर आधी त्याचं अंग धुवा. आम्ही कष्टाने मोडत नाही, हयगयीने मोडतो.

दिशाच्या पहिल्या फेरीला नावेत पहिली बसली आवडाबाई, नवी नऊवारी नेसून. दिशाने मला आजीच्या डोळ्यांना लावलं आणि कांदळवनामागे उरलेला त्यांच्या मिठागराचा बांध दाखवला. आवडाबाई बराच वेळ पाहत राहिली. मग तिने मला खाली घेतलं, डोळ्यांतल्या पाण्याने ओल्या झालेल्या माझ्या काचेकडे पाहिलं, पण ती पदराने पुसली नाही.

"धुवून घे गो पोरी," ती नातीला म्हणाली. "मीठ लागलाय."